चहाड्या बंद झालेली शाळा

तिसरीच्या वर्गात पाच मिनिटं बसलं तरी माणसाचे कान किटतात, ते अभ्यासानं नाही, चहाड्यांनी. "बाई, हा बघा ना, माझी पेन्सिल देत नाही." "बाई, हिनं मला चिमटा काढला." "बाई, तो खिडकीतून थुंकला." फळ्यावर एक ओळ लिहायची तर बाईंना तीनदा मागं वळून डोळे वटारावे लागतात. जगात कुठल्याही शाळेत जा, तिसरीचा वर्ग असाच असतो, आणि असाच असावा.

बोरदरीच्या जिल्हा परिषद शाळेत इंदुमती चिमोटे फळ्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती, आणि तिसरीच्या वर्गात बराच वेळ झाला तरी एकही चहाडी झाली नव्हती.

इंदू गटशिक्षणाधिकारी होती. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यातल्या सगळ्या सरकारी शाळा तिच्या अखत्यारीत. ती मुलांच्या माना बघत होती. पुढच्या बाकावरच्या मुलानं शेजाऱ्याचा खोडरबर ओढून घेतला. ज्याचा रबर गेला त्याची हनुवटीखालची कातडी जराशी थरथरली. क्षणभर तो कुठंतरी दूरचं ऐकत असल्यासारखा बसला आणि मग निमूटपणे दप्तरातून दुसरा रबर काढून खोडू लागला. ना आरडाओरडा, ना डोळ्यांत पाणी.

"बघा मॅडम, काय शांतता!" इंगोलेबाई कौतुकानं म्हणाल्या. पंचवीस वर्षं चहाड्या ऐकलेली बाई ती, तिला हा स्वर्गच वाटत होता. "मले तं पयल्या महिन्यात वाटलं, आपल्याले ऐकूच येईनासं झालं."

मग त्यांनी वर्गाकडे वळून जुन्या सवयीनं विचारलं, "समजलं का?"

"होऽऽ बाई!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

इतक्या वेळात वर्गातून आलेला तेवढा एकच आवाज. इंदूच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण त्या "होऽऽ बाई"ला ती चांगली ओळखत होती.

ती स्वतः चार वर्षं हेच ओरडली होती. घरी कोरकू बोलायचे, शाळेत सगळं मराठीत. आई-बाप मजुरीच्या मागं परगावी, इंदू आश्रमशाळेत. गुरुजींनी बेरीज शिकवताना "हातचा एक" म्हटलं की ती आपला तळवा उघडून बघायची, तिथं काहीच नसायचं. मग एकदा तिनं पेननं तळव्यावर एक काढून ठेवला आणि गुरुजींनी तो हात सगळ्या वर्गाला दाखवून हसवलं. त्यानंतर तिनं प्रश्न म्हणून विचारला नाही. "समजलं का?" आलं की सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं "होऽऽ गुरुजी" म्हणायचं, म्हणजे कुणी आपल्याकडे बघत नाही, ही युक्ती तिला सापडली होती. पुढं ती शिकली, परीक्षा देऊन अधिकारी झाली, पण तो तळवा काही ती विसरली नाही. आपल्या तालुक्यातल्या एकाही पोराला विचारायची लाज वाटून मागं पडावं लागणार नाही, हे तिनं खुर्चीवर बसल्याच्या पहिल्या दिवशी मनाशी ठरवलं होतं.

म्हणून तर तिनं "कानगोष्ट" आणली.

आपण मनातल्या मनात बोलतो, तेव्हासुद्धा मेंदू जिभेला आणि गळ्याला बारीकसे हुकूम सोडतच असतो. स्नायू हलतात, पण इतके कमी, की आवाज फुटत नाही. हनुवटीखाली चिकटवलेली एक पातळ पट्टी या हालचालींतली वीज टिपते आणि तिच्यावरून शब्द ओळखते. मुलाच्या मनात "हातचा कुठं असतो?" असं आलं, की ते शाळेतल्या पेटीला कळतं. पेटीतल्या यंत्राला मराठी येते, कोरकू येते, आणि त्या मुलाला काल काय अडलं होतं तेही आठवतं. कानामागं मसुरीएवढी गुंडी असते. तिच्यातून उत्तर कवटीच्या हाडामार्फत थेट आतल्या कानात पोचतं, तेही मुलाच्या घरच्या भाषेत. शेजारच्याला चाहूल लागत नाही, म्हणजे हसायला कुणी नाही. इंटरनेट लागत नाही. पेटीचा पल्ला अर्ध्या गावाएवढा असतो आणि सहलीला न्यायला एक छोटी फिरती पेटीही असते. काही धोक्याचं असेल तर पेटी बाईंच्या टॅबवर लाल खूण पाठवते.

दोन वर्षांत चमत्कार झाला, दुसरा शब्द नाही. ढाण्यावरची, म्हणजे डोंगरातल्या वस्तीवरची, कोरकू पोरं गावातल्या मास्तर-व्यापाऱ्यांच्या पोरांच्या बरोबरीनं वाचू लागली. शंभर वर्षांत जे अंतर कमी झालं नव्हतं, ते मिटलं. इंदूनं स्वतःच्या मुलीला, नभाला, याच शाळेत घातलं होतं. लोकांच्या पोरांना लावायची वस्तू आधी आपल्याला लावावी म्हणून इंदूनं स्वतःही पट्टी लावली होती, आणि मग पर्समध्ये फिरती पेटी ठेवून बैठकांत नावं आणि आकडे कानात आयते मिळायची सवय होऊन गेली. सोमवारी राज्याची समिती याच शाळेत येणार होती. तिनं मान डोलावली की कानगोष्ट राज्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेत.

आणि आता, सगळं हाताशी आलेलं असताना, इंदूला भीती वाटत होती. कशाची, ते तिलाही नीट सांगता येत नव्हतं.

बाहेर पडताच तिनं कौस्तुभ आगलावेला फोन लावला. यंत्र त्याच्या गटानं बनवलेलं. पोरगा मनाचा चांगला होता, मुलांसाठी जीव टाकणारा. इंदूनं त्याला सगळं सांगितलं, मुलांच्या माना, चहाड्या बंद होणं, आपल्याला हे कसंसंच वाटतंय हे.

"हॅलो?" पलीकडून कौस्तुभ म्हणाला. "मॅडम? आवाज येत नाहीये तुमचा. हॅलो?"

डोंगरातली रेंज म्हणजे असंच, असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

* * *

त्या संध्याकाळी नभाचं बोट भाजलं. इंदूला ते जेवताना कळलं, कारण नभा वरणात भात उजव्या हातानं न कालवता चमच्यानं खात होती.

"हात दाखव बघू."

नभानं हात पुढं केला. तर्जनीच्या पेरावर टपोरा फोड आलेला. इंदू पोळ्या करत होती तेव्हा नभा शेजारीच उभी होती. तव्याला बोट लागलं असणार. चटका बसला, फोड आला, आणि शेजारी उभ्या असलेल्या आईला पत्ता नाही.

"अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. पाण्याखाली धर म्हणाला तो. मी धरलं. आता नाही दुखत."

"त्याला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

"तुला पण सांगितलं," नभा म्हणाली. "आई आई म्हटलं मी. तूच ऐकलं नाहीस."

"नभा, खोटं बोलायचं नाही. मी इथंच होते."

नभाचे डोळे भरून आले. तिनं आईकडे बघितलं, तिची हनुवटीखालची कातडी थरथरत राहिली, आणि मग ती ताटाकडे बघून जेवायला लागली. आठ वर्षांची पोर आपल्याशी भांडतसुद्धा नाही, याचं इंदूला फार वाईट वाटलं. नवरा वनखात्यात, महिन्यातून दोनदा घरी येणारा. घरात दोघीच. पूर्वी ही पोर "का?" आणि "कशाला?"नं जीव नकोसा करायची. तिचा शेवटचा "का?" कधी ऐकला, हे आठवायचा इंदूनं प्रयत्न केला आणि तिला ते आठवेना.

दिवा मालवताना इंदूनं तिच्या बोटाला मलम लावलं.

* * *

दुसऱ्या दिवशी दप्तराविना शनिवार. तिसरीचा वर्ग गावाबाहेरच्या रोपवाटिकेत क्षेत्रभेटीला गेला. इंदू दिवसभर सोमवारच्या तयारीत बुडाली होती. नभाकडे घराची किल्ली असायची. शाळा सुटली की ती आपली आपण घरी यायची. संध्याकाळी ऊन कलल्यावर इंदू घरी पोचली, तर दाराला कुलूप तसंच.

शेजारी विचारलं, कुणी बघितली नव्हती. तशीच ती इंगोलेबाईंच्या घरी धावली. बाई अंगणात मेथी निवडत होत्या.

"नभा?" बाई उठून उभ्या राहिल्या. "आली ना ती सगळ्यांसंगं! सारे पोरं वापस आनले म्या."

"मोजली होतीत?"

"म्या विचारलं ना मॅडम. निघताना विचारलं, 'सारे आले का?' पोरं म्हणे, 'होऽऽ बाई.'"

पंचवीस वर्षं बाई तो प्रश्न असाच विचारत आल्या होत्या, आणि आजवर त्यात कधी दगाफटका झाला नव्हता, कारण "होऽऽ" ओरडून झालं की एखादी चोंबडी मुलगी हटकून पुढं यायची, "बाई, बाई, तो नाही आला, तो मुतायला गेलाय!" सगळ्यांच्या "हो"मागं एक चहाडी असायची. मुलं त्या चहाडीमुळं सुखरूप घरी यायची, खरं तर.

"टॅबवर लाल खूण आली नाही?"

"टॅब तं तिथंच बंद पडला, मॅडम." बाईंचा आवाज रडवेला झाला. "तुमच्याच हापिसातून येते ना, हरेक उपक्रमाचे फोटो टाका, व्हिडिओ टाका. टाकता टाकता बॅटरी संपली."

तो आदेश इंदूच्याच सहीनं निघालेला होता.

नभाच्या बाकावर बसणारी सपना भिलावेकर दोन गल्ल्या पलीकडं राहायची. ती ओट्यावर सागरगोटे खेळत होती. इंदू तिच्यासमोर खाली बसली.

"सपना, बाळा, नभा कुठंय?"

"खड्ड्यात," सपना म्हणाली आणि गोटा झेलला.

"कुठल्या खड्ड्यात?"

"पाल्याच्या. तिथं झाडं होती ना, त्याच्या मागं. ती पडली."

"कधी?"

"आम्ही झाडं बघत होतो तेव्हा."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस गं?" इंदूचा आवाज चिरकला.

सपना गोंधळली. "सांगितलं ना. सगळ्यांनीच सांगितलं." तिनं कानामागं बोट लावलं. "तो म्हणाला, बाईंना कळवलंय. घरी आल्यावर पण विचारलं मी, नभा कधी येणार. तो म्हणाला, बाईंना कळवलंय."

पोर खोटं बोलत नव्हती. वर्गातल्या प्रत्येक मुलानं मैत्रीण पडलेली पाहिली, प्रत्येकानं कळवळून मदत मागितली, आणि तोंडातून एकानंही ब्र काढला नाही. इंदूला रडायचं होतं, पण रडायला वेळ नव्हता.

* * *

इंगोलेबाईंनी स्कूटर अशी पळवली, की इंदूला दोन्ही हातांनी त्यांचा पदर धरून बसावं लागलं. रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला सुक्या पाल्याचं खत करायचा मोठा खड्डा होता, दोन पुरुष खोल, कडेला ना कुंपण ना कठडा. तिथं ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीचं मागचं फळकूट उघडलेलं, ट्रॉली वर उचललेली, आणि पाला सरसरत खड्ड्यात चालला होता.

"थांबव!" इंदू ओरडली. ट्रॅक्टरच्या आवाजात काही ऐकू जाईना. ती पळत जाऊन चाकासमोर उभी राहिली तेव्हा चालकानं घाबरून इंजिन बंद केलं.

"काय झालं वं बाई?"

"खड्ड्यात माझी मुलगी आहे!"

दौलत नावाचा तो माणूस जोरजोरानं मान हलवायला लागला. "नाही जी. कसं शक्य हाय? म्या हाक देली ना. मांगं एक वासरू पडलं होतं, तवापासून हर खेपेले हाक देतो, 'कोनी हाय का,' असं मोठ्यानं, अन् मंगच टाकतो. कोनी बोललं नाही. हे दुसरी खेप हाय."

"नभाऽऽ!" इंदूनं कडेला पालथं पडून हाक मारली.

खालून काही उत्तर आलं नाही. नुसती पानं खाली बसत असल्याचा आवाज येत होता, हलका, कुरकुरता. इंदूनं पुन्हा हाक मारली, पुन्हा, पुन्हा, घसा फाटेस्तोवर, आणि प्रत्येक हाकेनंतर कान देऊन ऐकलं. आपली मुलगी मेली, असं तिला त्या वेळी अगदी स्पष्ट वाटलं.

दौलत ट्रॅक्टरला कासरा बांधून त्याला धरून खाली उतरला. मागोमाग इंदू उतरली, पडली, कंबरेपर्यंत पाल्यात बुडाली. दोघं हातांनी पाला उपसायला लागले. काट्या, फांद्या, धूळ, श्वास घेता येईना. इंगोलेबाई वरून रडत रडत देवाचं नाव घेत होत्या. दौलतच्या हाताला आधी चप्पल लागली.

नभा भिंतीला पाठ लावून बसली होती, डोक्यावरून पाल्यानं झाकलेली. डोळे सताड उघडे. तोंड घट्ट मिटलेलं. ती जिवंत होती. तिनं आईकडे बघितलं आणि तिचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

इंदूनं तिला छातीशी ओढलं. पाना-मातीनं भरलेल्या त्या इवल्या गळ्याला तिची बोटं लागली, आणि ती जागच्या जागी थिजली. हनुवटीखाली, पट्टीच्या आजूबाजूला, पोरीचा गळा थडथडत होता. एकसारखा, जोरजोरानं, एखाद्या कोंडलेल्या पाखराच्या छातीसारखा. नभा बोंबलत होती. पूर्ण ताकदीनं, जिवाच्या आकांतानं, आतल्या आत.

"नभा," इंदू म्हणाली, "मी आलेय गं. आता बोल. काहीतरी बोल."

पुष्कळ वेळानं नभाच्या तोंडातून खरखरीत, अनोळखी आवाज निघाला.

"तू आली का नाहीस लवकर? मी किती हाका मारल्या तुला. काकांनी हाक मारली तेव्हा पण मी ओरडले, मी इथंय, मी इथंय म्हटलं. तरी त्यांनी टाकलं."

दौलत मटकन खाली बसला.

तिनं कालसुद्धा खरंच सांगितलं होतं. तव्यापाशी उभी राहून तिनं आईला हाक मारली होती, आपल्या परीनं मोठ्यानं. मनात बोलणं आणि तोंडानं बोलणं यांच्यामधला फरक पोर विसरून गेली होती. मनातलं बोललं की उत्तर येतं, एवढंच तिला दोन वर्षं ठाऊक होतं, मग तोंड उघडायचं कुणी आणि कशाला लक्षात ठेवावं? फिरती पेटी बाईंच्या पिशवीतून गावाकडं परत गेली आणि कानातला आवाज बंद झाला, तेव्हाही तिनं शेवटची सूचना पाळली होती. जागेवर थांब.

* * *

नभाचा पाय मुरगळला होता, बाकी काही नाही. इंदूनं तिची पट्टी काढली, स्वतःचीही काढून कपाटात टाकली. रविवारी सबंध दिवस दोघी खाटेवर बसून होत्या. इंदूनं तिची बोटं आपल्या गळ्यावर ठेवली. "हे बघ, मनात बोललं की गळा नुसता थरथरतो. तोंडानं बोललं की घुमतो. कळलं का फरक?" नभानं आधी आईच्या, मग स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. दुपारपर्यंत तिला जमलं. संध्याकाळी तिनं "पोळी करपली" अशी पहिली तक्रार केली, तेव्हा इंदूला हुंदका आवरला नाही.

कौस्तुभला तिनं फोनवर सगळी हकीगत सांगितली. तो खूप हादरला, पण त्याच्या मते चूक टॅबची होती. "जादा बॅटरी देऊ, मॅडम. आणि बाईंनी मुलं मोजायला नको होती का?" जिल्ह्यावरून तोवर फोन येऊन गेला होता, इंगोलेबाईंना कारणे दाखवा नोटीस काढा म्हणून.

"असं करता येईल का," इंदूनं विचारलं, "की मुलानं तोंडानं, चारचौघांत विचारल्याशिवाय पेटीनं उत्तर द्यायचंच नाही?"

"येईल. सोपं आहे. पण मग कोण विचारेल, मॅडम? वकिलाचं पोर विचारेल. ढाण्यावरची मुलगी विचारेल? तुम्हीच सांगितलंत ना मला ते तळव्याचं? ती लाजेल, गप्प बसेल, आणि वर्षभरात अंतर परत होतं तिथं. चालेल तुम्हाला?"

त्याचं बोलणं खरं होतं, आणि नभाचा गळाही खरा होता. या दोन्हींची सांगड कशी घालायची ते इंदूला कळत नव्हतं, पण एक गोष्ट कळत होती. हे न सांगता समितीला सही करू द्यायची नाही.

सोमवारी समिती आली. शाळेच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष केळुसकर सर, वयस्कर, हसतमुख, एके काळचे नामांकित मुख्याध्यापक. मागं जिल्ह्यातले झाडून सगळे अधिकारी, बहुतेकांच्या कानामागं मसुरीएवढी गुंडी. नभाला घरी एकटी ठेवायचा धीर इंदूला झाला नव्हता, ती दाराशी स्टुलावर पाय लांबवून बसली होती. आलेख झाले, कौतुक झालं. सरांनी समोरचा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि मास्तरकीच्या सवयीनं सगळ्या खोलीकडे बघून मिश्कील विचारलं, "तर मग, समजलं ना सगळ्यांना?"

"होऽ सर," अख्खी खोली एका सुरात म्हणाली.

इंदू उठून उभी राहिली. तिनं सांगायला सुरुवात केली. खड्ड्याचं सांगितलं, ट्रॅक्टरचं सांगितलं, सपनाचं, "कोनी हाय का"चं. एकही शब्द न अडखळता, कधी बोलली नव्हती इतक्या तळमळीनं ती बोलली. सह्या करू नका, निदान आज करू नका, म्हणाली. चूक बाईंची नाही, माझी आहे, म्हणाली.

केळुसकर सरांनी तिच्याकडे बघून प्रेमानं मान हलवली, जणू ती आभार मानायला उभी राहिली होती. आणि कागदावर पेन टेकवलं.

कुणीच कसं काही बोलत नाही? शेजारी बसलेले अधिकारी घड्याळ बघत होते. इंदूला काही उमगेना. तेवढ्यात तिच्या गळ्याला काहीतरी गार लागलं. नभा लंगडत येऊन खुर्चीवर चढली होती आणि तिनं आईच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती होती.

"आई," नभा मोठ्यानं म्हणाली, "घुमत नाहीये."

तेव्हा इंदूला कळलं, आणि खड्ड्याच्या काठावर वाटली नव्हती एवढी भीती तिला वाटली. पट्टी कपाटात होती. कान रिकामे होते. तरीही ती इतका वेळ आतल्या आत बोलत होती, आणि "होऽ सर" म्हणणाऱ्यांत तिचाही आवाज होता, तेवढाच बाहेर आलेला. शुक्रवारी कौस्तुभलाही तिनं एक शब्द सांगितलेला नव्हता. रेंज गेलीच नव्हती.

तिनं तोंड उघडलं. आवाज कुठून काढायचा असतो तेच आठवेना. सात वर्षांच्या इंदूच्या तळव्यावरचा तो पेननं काढलेला एक तिला लख्ख दिसला. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. नभाची बोटं तिच्या गळ्यावर घट्ट दाबली गेली.

"नाही," इंदू म्हणाली.

आता स्वतःच्या कानांवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून तिनं लोकांच्या तोंडांकडं बघितलं. माना वळल्या होत्या. घड्याळ बघणारे तिच्याकडे बघत होते. केळुसकर सरांनी पेन उचललं आणि चष्म्यावरून वर बघितलं.

"नाही काय, मॅडम?"

"नाही समजलं," इंदू म्हणाली. आवाज फाटका होता, पण गळा घुमत होता. "सर, आपल्याला समजलेलं नाही. कुणालाच."

खोलीत कुणीतरी हसलं. केळुसकर सरांच्या कपाळाला आठी पडली. तरीही त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते म्हणाले, "बसा. काय समजलं नाही, ते सांगा."

हा प्रश्न तिला आजवर कुठल्याही गुरुजींनी विचारला नव्हता. इंदू बसली नाही. तिनं उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, तव्याच्या चटक्यापासून, एकेक शब्द तोंडात नीट घेऊन. नभानं शेवटपर्यंत बोटं काढली नाहीत.